त्याला रंग दिसतात, तुलना कमी पडते

डॉक्टरताई,
माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. चित्रकलेच्या तासाला त्याने झाडाचं खोड हिरवं रंगवलं आणि पानं तपकिरी. बाईंनी दोनदा सांगूनही तेच केलं, म्हणून त्यांनी डोळे तपासून घ्यायला सुचवलं. तिथे त्याला रंगीत ठिपक्यांची पुस्तिका दाखवली. बऱ्याच पानांवरचे आकडे त्याला दिसलेच नाहीत. “लाल-हिरव्या रंगांचा दोष आहे, शंकूपेशींमुळे होतो, आईकडून येतो, औषध नाही,” इतकंच आम्हाला सांगण्यात आलं. मला सगळे रंग नीट दिसतात. माझे वडील मात्र मोज्यांच्या जोड्या कायम चुकवायचे आणि आम्ही भावंडं हसायचो. म्हणजे हे मीच त्याला दिलं का? त्याला नेमकं दिसतं तरी काय? मी रोज वस्तू दाखवून रंग विचारते. कधी बरोबर सांगतो, कधी चुकतो, आणि हल्ली चिडतो. नणंद म्हणते डोळ्यांचे व्यायाम करून घे. मोबाइलवर खास चष्म्यांच्या जाहिराती येतात. धाकटी मुलगी तीन वर्षांची आहे, तिलाही असेल का?
– एक आई

तुमचं पत्र वाचलं. सगळ्यात आधी एक विनंती करते: वस्तू दाखवून रंग विचारणं आजपासून बंद करा. तो हट्टाने चुकत नाही आणि सरावाने सुधारणारही नाही. तुमच्या प्रत्येक प्रश्नाला तो अंदाजाने उत्तर देतोय, आणि आपण अंदाज करतोय हे त्याला आता कळायला लागलंय. म्हणून तो चिडतो. हे असं का होतं ते नीट समजलं, तर तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बरीचशी आपोआप मिळतील. तेव्हा थोडं सविस्तर लिहिते.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पडदा. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात आणि त्या संख्येने प्रचंड, नऊ-दहा कोटींच्या घरात असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात. त्या एका डोळ्यात साधारण ५० ते ६० लाख असतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या छोट्याशा खळग्यात असते. आपण एखाद्या गोष्टीकडे रोखून बघतो तेव्हा तिची प्रतिमा बरोबर या खळग्यावर पडते. बारीक अक्षरं वाचणं, चेहरा ओळखणं आणि रंग कळणं, हे सगळं मुख्यतः शंकूपेशींच्या जिवावर चालतं.

प्रत्येक शंकूपेशीत एक रंगद्रव्य असतं: ऑप्सिन नावाचं प्रथिन आणि त्याला चिकटलेला, ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनलचा रेणू. रेटिनल मुळात वाकडा असतो. प्रकाशाचा एक कण त्याने शोषला की तो झटकन सरळ होतो. त्या एका हालचालीने ऑप्सिनचा आकार बदलतो, मग पेशीत एकामागून एक रासायनिक क्रिया घडतात आणि पेशीच्या आवरणातल्या काही वाटा बंद होतात. गंमत म्हणजे शंकूपेशी अंधारात पुढच्या पेशींना सतत रासायनिक निरोप पाठवत असते आणि उजेड पडला की तो निरोप कमी करते. तिची बोलण्याची रीत अशी उलटी आहे.

शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात आणि त्यांच्यातला फरक फक्त ऑप्सिनचा आहे. आपल्याला दिसणारा प्रकाश साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. एका प्रकारची शंकूपेशी ४२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळ्या-जांभळ्या टोकाकडचा प्रकाश सर्वांत चांगला शोषते. दुसरी ५३० च्या आसपासचा, तिसरी ५६० च्या आसपासचा. सोयीसाठी त्यांना निळी, हिरवी आणि लाल शंकूपेशी म्हटलं जातं. पण ५६० नॅनोमीटरचा प्रकाश लाल नसतो, पिवळसर हिरवा असतो. ‘लाल’ शंकूपेशी लाल प्रकाशाला प्रतिसाद देते हे खरं, पण हिरव्या आणि पिवळ्या प्रकाशाला तर त्याहून जास्त देते. शेवटच्या दोन प्रकारांतलं अंतर अवघं ३० नॅनोमीटरचं आहे, हा आकडा लक्षात ठेवा. तुमच्या मुलाची सगळी गोष्ट त्या अंतरात आहे.

आता जो मुद्दा बहुतेक ठिकाणी सांगायचा राहून जातो, त्याकडे येते. एकटी शंकूपेशी रंग ओळखत नाही, ओळखू शकतच नाही. दारात बसून आत येणाऱ्यांची फक्त संख्या मोजणाऱ्या माणसाला जसं कोण कुठून आलं ते माहीत नसतं, तसं शंकूपेशीला आपण शोषलेला प्रकाशकण कोणत्या तरंगलांबीचा होता हे माहीत नसतं. किती कण शोषले गेले, एवढंच तिच्या निरोपात असतं. तिच्या आवडीच्या तरंगलांबीचा मंद प्रकाश आणि नावडत्या तरंगलांबीचा प्रखर प्रकाश, दोन्हींतून तिचा निरोप अगदी सारखा येऊ शकतो. विल्यम रश्टन या शास्त्रज्ञांनी हे तत्त्व नेमक्या शब्दांत मांडलं.

मग रंग कळतो कसा? शेजारच्या शंकूपेशींचे निरोप ताडून पाहिल्यावर. ५८० नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश आला तर तिसऱ्या प्रकारची पेशी जोरात प्रतिसाद देते, दुसऱ्या प्रकारची जरा कमी आणि पहिल्या प्रकारची जवळजवळ नाहीच. या तीन प्रतिसादांचं जे प्रमाण असतं, ते मेंदूच्या लेखी ‘पिवळं’. उजेड दुप्पट केला तर तिन्ही प्रतिसाद वाढतात, प्रमाण मात्र साधारण तेच राहतं. म्हणून उन्हातलं पिवळं फूल सावलीत नेलं तरी पिवळंच दिसतं.

याचा पुरावा तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. पडद्यावर पिवळ्या रंगाचं चित्र आणा आणि ते चांगल्या भिंगातून बघा. तिथे पिवळा प्रकाश अजिबात नसतो. लाल आणि हिरवे, असे दोनच प्रकारचे इवलेसे ठिपके पेटलेले असतात. त्या दोघांच्या मिश्रणाने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या शंकूपेशींकडून खऱ्या पिवळ्या प्रकाशाइतकेच प्रतिसाद मिळतात, आणि त्यामुळे आपल्याला तो खरा पिवळा वाटतो. अशा दोन वेगळ्या प्रकाशांत फरक करण्याची सोयच डोळ्यात नसते. हे मी मुद्दाम सांगतेय: ज्याला आपण निर्दोष दृष्टी म्हणतो तीसुद्धा असंख्य वेगवेगळे प्रकाश एकच समजून चालते. तुमच्या मुलाच्या बाबतीत अशा जोड्या आपल्यापेक्षा जास्त आहेत, इतकंच.

दुसरा पुरावा तिन्हीसांजेला मिळेल. दिवे न लावता बागेत किंवा गॅलरीत बसा. उजेड ओसरत गेला की लाल फुलं आधी काळपट होतात, हिरवी पानं त्या मानाने उजळ वाटतात आणि पुढे सगळंच करड्या छटांमध्ये उरतं. अशा वेळी शंकूपेशींना पुरेल इतका प्रकाश नसतो आणि सगळा भार दंडपेशींवर येतो. दंडपेशींत एकाच प्रकारचं रंगद्रव्य असतं. त्या संख्येने कोट्यवधी असल्या तरी सगळ्या एकाच तऱ्हेने मोजतात, तुलनेला दुसरं कोणी नसतं, म्हणून त्यांच्याकडून रंग कळत नाही. तुम्ही, मी, सगळेच त्या वेळी रंगांच्या बाबतीत आंधळे असतो. तिथे बसून आजूबाजूला बघताना मुलाबद्दलची तुमची भीती थोडी कमी होईल असं मला वाटतं.

हे ज्ञान काही एका दिवसात आलं नाही. डोळ्यात तीनच तऱ्हेचे ग्राहक असावेत असा तर्क इंग्लंडमधल्या टॉमस यंग यांनी १८०२ साली मांडला, तेव्हा शंकूपेशींबद्दल कोणाला काही ठाऊक नव्हतं. पुढे जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी तो विचार वाढवला आणि मॅक्सवेल यांनी रंगीत चकत्या फिरवून त्याला मोजमापाचा आधार दिला. मग एवाल्ड हेरिंग यांनी एक अडचण काढली: निळसर हिरवा रंग आपण कल्पू शकतो, पण लालसर हिरवा का नाही? त्यांचं म्हणणं होतं की रंग जोड्यांनी काम करतात, लालविरुद्ध हिरवा आणि निळ्याविरुद्ध पिवळा. दोन्ही बाजू बराच काळ भांडत राहिल्या आणि शेवटी दोन्ही आपापल्या जागी बरोबर ठरल्या. शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, पण त्यांचे निरोप दृष्टिपटलातल्याच पुढच्या पेशींमध्ये एकमेकांतून वजा होतात. तिसऱ्या आणि दुसऱ्या प्रकारातल्या फरकातून लाल-हिरव्याची जोडी तयार होते. या दोघांची बेरीज आणि पहिला प्रकार यांच्यातल्या फरकातून निळ्या-पिवळ्याची. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात १० ते १२ लाखच, त्यामुळे प्रत्येक पेशीचा निरोप सुटा पाठवणं शक्यच नसतं. जातो तो बराचसा तुलनेचा निकाल.

आता तुमच्या मुलाकडे वळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या ऑप्सिनची जनुकं एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी-शेजारी असतात आणि त्या दोन प्रथिनांची रचना सुमारे ९६ टक्के एकसारखी असते. जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली ही जनुकं वेगळी करून दाखवली. तीन-चार कोटी वर्षांपूर्वी आपल्या वानर पूर्वजांमध्ये एका जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार झाली आणि ती हळूहळू वेगळी होत गेली, असं मानलं जातं. इतकी सारखी जनुकं शेजारी असली की अंडपेशी बनताना गुणसूत्रांची देवाणघेवाण नेहमीच बिनचूक होत नाही. एखादं जनुक गळतं, किंवा दोघांची सरमिसळ होऊन तिसरंच जनुक तयार होतं. सरमिसळ झाली तर दोन प्रकारांमधलं ते ३० नॅनोमीटरचं अंतर आक्रसतं, कधी कधी मोजक्या नॅनोमीटरवर येतं. गळालं तर एक प्रकारच नसतो. दोन्ही वेळा शंकूपेशी जिवंत आणि धडधाकट असतात, प्रकाश नीट टिपतात. म्हणूनच अशा मुलांची नजर सहसा इतरांइतकीच तीक्ष्ण असते. कमी पडते ती तुलना. लाल-हिरव्याच्या जोडीला वजाबाकी करायला फरकच उरत नाही किंवा फार थोडा उरतो.

त्याला काळं-पांढरं जग दिसत नाही, हे कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा. निळा आणि पिवळा यांच्यातला फरक त्याला स्वच्छ कळतो. आकाश, सूर्यफूल, पिवळी भिंत, यांत त्याची गल्लत होत नाही. तपकिरी, हिरवा, लाल, नारिंगी हे रंग मात्र एकमेकांच्या फार जवळ येतात. जांभळा निळ्यासारखा वाटू शकतो, फिकट गुलाबी करड्यासारखा. मग तो कधी कधी बरोबर उत्तर कसं देतो? गडदपणावरून, चमकेवरून आणि आठवणीवरून. गवत हिरवं असतं हे तो ऐकून शिकलाय. खडूंच्या डबीत गडद हिरवा आणि तपकिरी सारख्याच गडदपणाचे निघाले की त्याच्याकडे धरायला काही राहत नाही. चित्रातल्या झाडाचं असंच झालं असणार.

ठिपक्यांच्या त्या पुस्तिकेचं मर्मही हेच आहे. जपानचे नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी ती १९१७ साली प्रसिद्ध केली. ठिपके लहान-मोठे आणि फिके-गडद मुद्दाम ठेवलेले असतात, म्हणजे गडदपणावरून आकडा ओळखण्याची वाट बंद होते आणि फक्त रंगाची तुलना उरते. तुमचा मुलगा एरवी ज्या हुशारीने वेळ निभावतो, ती तिथे चालू शकली नाही.

आता तुमच्या मनाला लागलेल्या गोष्टीबद्दल. मुलाला एकच एक्स गुणसूत्र मिळतं आणि ते आईकडूनच येतं, त्यामुळे हे तुमच्याकडून आलं हे खरं आहे. पण ‘दिलं’ या शब्दात निवड असते आणि इथे निवड कुठेच नव्हती. तुमच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक वडिलांचं. मोज्यांच्या ज्या जोड्या ते चुकवायचे, त्याचं कारण बहुधा त्याच गुणसूत्रावर होतं. मुलीला वडिलांचं एक्स मिळतंच मिळतं, टळत नाही. पुढे मुलाला तुमचं कोणतं एक्स मिळणार, हे निम्म्या-निम्म्या शक्यतेवर ठरतं. गरोदरपणात तुम्ही काय केलंत, काय केलं नाहीत, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

तुमच्याच डोळ्यांबद्दल एक गोष्ट सांगते, ती मला फार सुंदर वाटते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असले तरी त्यांतलं एक गर्भावस्थेतच निष्क्रिय होतं, आणि कोणतं होणार ते प्रत्येक पेशीपुरतं स्वतंत्रपणे ठरतं. म्हणजे तुमच्या दृष्टिपटलावर काही शंकूपेशी वडिलांकडच्या एक्सच्या सूचनांवर चालत असणार आणि काही आईकडच्या. तुमच्या मुलाच्या शंकूपेशी जशा आहेत, तशा शंकूपेशी तुमच्याही डोळ्यात आहेत. त्यांच्या सोबतीला बाकीच्या आहेत, म्हणून तुलना पुरते आणि तुम्हाला रंग नीट दिसतात.

वडिलांबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावरून जॉन डाल्टन आठवले. अणुसिद्धांत मांडणारे हे शास्त्रज्ञ. रंग आपल्याला इतरांपेक्षा वेगळे दिसतात हे त्यांना तिशीच्या उंबरठ्यावर असताना ध्यानात आलं, तेही दिवसा आकाशी दिसणारं एक फूल मेणबत्तीच्या उजेडात अगदी वेगळं दिसल्यामुळे. त्यांच्या भावालाही तसंच दिसत होतं. १७९४ साली त्यांनी त्यावर निबंध वाचला. डोळ्यातला द्राव निळा असावा, असा त्यांचा तर्क होता. मृत्यूनंतर डोळे तपासा असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. १८४४ मध्ये तपासले, तर द्राव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या डोळ्यातून १९९५ साली डीएनए तपासला गेला आणि खरं कारण कळलं: मधल्या प्रकारच्या शंकूपेशीचं रंगद्रव्य त्यांच्याकडे नव्हतं. एवढ्या बारकाईने जग पाहणाऱ्या माणसालाही तिशीपर्यंत कळलं नव्हतं. तुमच्या मुलाचं आठव्या वर्षी कळलं, हे चांगलं झालं.

मुलीची काळजी करू नका. तिच्या वडिलांना रंग नीट दिसत असतील, तर त्यांच्याकडून तिला आलेलं एक्स चांगलं आहे आणि तिला हा त्रास जवळजवळ होणार नाही. तुमच्यासारखी ती वाहक, म्हणजे स्वतःला त्रास नसताना हे जनुक बाळगणारी, असण्याची शक्यता निम्मी आहे, ती बाब तिला मोठेपणी सांगितली तरी चालेल. मुलग्यांत हे किती जास्त आढळतं ते बघा: युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे एकाला आणि २०० स्त्रियांमागे एकीला. इतर अनेक समाजांत प्रमाण याहून कमी आहे, तरी मोठ्या शाळेत तुमचा मुलगा एकटा असण्याची शक्यता फार थोडी.

पुन्हा तपासणीला जाल तेव्हा दोन गोष्टी विचारून या. दोष दुसऱ्या प्रकारच्या शंकूपेशीचा आहे की तिसऱ्या? आणि तो सौम्य आहे की तीव्र? इशिहारांची पुस्तिका दोष आहे का ते उत्तम सांगते, किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी रंगीत चकत्या क्रमाने लावण्याची चाचणी असते. आणखी नेमकं हवं असेल तर अ‍ॅनोमॅलोस्कोप नावाचं उपकरण असतं. नागेल यांनी १९०७ साली बनवलेल्या या उपकरणात एका अर्ध्या भागात शुद्ध पिवळा प्रकाश असतो आणि दुसऱ्या अर्ध्यात लाल-हिरव्याचं मिश्रण, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत मिश्रण बदलायचं. मोबाइलच्या पडद्यावरचा पिवळा इथे परीक्षा घ्यायला येतो. कोण किती लाल मिसळतो त्यावरून शंकूपेशींचा हिशेब कळतो. हे उपकरण सगळीकडे नसतं. आठ वर्षांच्या मुलासाठी चकत्यांची चाचणी पुरेशी आहे.

व्यायामाने यात काही होत नाही. व्यायामाने स्नायू बदलतात, ऑप्सिनचं जनुक बदलत नाही. नणंदेला दुखवू नका, पण मुलाचा वेळ त्यात घालवू नका. चष्म्यांबद्दल जास्त सावधपणे बोलायला हवं, कारण जाहिरातीतले अश्रू बघून कोणाचंही मन पाघळेल. या चष्म्यांची भिंगं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या शंकूपेशी जिथे एकसारखा प्रतिसाद देतात, त्या पट्ट्यातला प्रकाश थोडा अडवतात. सौम्य दोष असलेल्या काहींना त्यामुळे काही रंग एकमेकांपासून जास्त उठून दिसतात. पण ज्या रंगांत आधी फरक कळत होता, त्यातले काही याच चष्म्याने एकमेकांत मिसळूही शकतात. नवी शंकूपेशी किंवा नवं रंगद्रव्य चष्म्यातून मिळत नाही. स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली असा एक चष्मा तपासला, तेव्हा रंगदृष्टी सुधारून नेहमीसारखी होत नाही असंच आढळलं. विकत घेऊ नका असं मी ठामपणे सांगते, निदान तो स्वतः मोठा होऊन मागेपर्यंत तरी. आत्ता आणलात, तर ‘तुझे डोळे असे चालणार नाहीत’ एवढंच त्याला कळेल.

जनुकीय उपचारांचं म्हणाल, तर अमेरिकेत जे आणि मॉरीन नाइट्झ यांच्या गटाने जन्मापासून लाल-हिरवं वेगळं न कळणाऱ्या प्रौढ माकडांच्या डोळ्यात तिसऱ्या प्रकारचं ऑप्सिन जनुक घातलं आणि ती माकडं ते रंग ओळखू लागली. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. त्यांतल्या एका माकडाचं नाव डाल्टन ठेवलं होतं. माणसांसाठी लाल-हिरव्या दोषावर असा मान्यताप्राप्त उपचार आज नाही. आशा ठेवायला हरकत नाही, पण त्याची वाट बघत मुलाला थांबवून ठेवू नका.

शाळेत मात्र काम आहे आणि ते तुम्हीच करायचं आहे. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा. फळ्यावर लाल खडूने लिहिलेलं त्याला कमी दिसू शकतं. नकाशात फक्त रंगाने दाखवलेले प्रदेश, रंगीत आलेख, ‘हिरव्या रंगाने अधोरेखित केलेले शब्द लिहा’ असे प्रश्न, यांत त्याचं उत्तर चुकेल आणि चूक अभ्यासाची मानली जाईल. रंगासोबत रेघा, ठिपके किंवा अक्षर असेल तर त्याचा प्रश्न सुटतो. खडूंवर रंगांची नावं लिहून द्या. खेळताना दोन्ही गटांचे कपडे लाल आणि हिरवे नकोत. मोबाइल आणि संगणकात रंगांची मांडणी बदलण्याची सोय असते, ती त्याला दाखवून द्या. घरात उजेड भरपूर ठेवा, कारण मंद उजेडात त्याच्याकडे आधीच कमी असलेली तुलना आणखी कमी होते. आणि चित्रातलं खोड हिरवं राहिलं, तर राहू द्या.

भविष्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते मनात असणार. वाहतुकीचे सिग्नल दिव्यांच्या जागेवरून ओळखता येतात आणि त्यांतला हिरवा मुद्दाम निळसर ठेवलेला असतो. विमान चालवणं, रेल्वे चालवणं, जहाजावरची काही कामं आणि सैन्यातल्या काही शाखा, इथे मात्र रंगदृष्टीची अट असते. त्यामागे इतिहास आहे. स्वीडनमध्ये लागरलुंडाजवळ १८७५ साली दोन रेल्वेगाड्यांची टक्कर झाली. सिग्नलचा रंग न कळल्यामुळे तसं झालं असावं, असं फ्रित्योफ होल्मग्रेन यांनी मांडलं आणि रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी रंगीत लोकरीच्या लडींची चाचणी सुरू केली. प्रत्येक देशाचे आणि खात्याचे नियम वेगळे असतात आणि सौम्य दोष असलेल्यांना काही ठिकाणी वाव असतो. त्याला यांतलं काही करावंसं वाटलं, तर तीव्रता आत्ताच माहीत असलेली बरी, म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी मोडलेल्या स्वप्नाचं दुःख होणार नाही. बाकीच्या बहुतेक वाटा मोकळ्या आहेत. रंगांच्या भुलव्यात लपलेला आकार अशा माणसांना कधी कधी इतरांपेक्षा आधी दिसतो, हे प्रयोगातूनही दिसलं आहे. कारण सरमिसळ रंगांनी त्यांची नजर विचलित होत नाही.

हा दोष जन्मजात असेल तर वाढत नाही, दोन्ही डोळ्यांत सारखा असतो आणि नजरेची तीक्ष्णता घटवत नाही. म्हणून यापेक्षा वेगळं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका. एकाच डोळ्यातले रंग फिके पडणं, आधी कळणारे रंग कळेनासे होणं, उजेड अजिबात सहन न होणं, बुबुळं सतत थरथरणं, लांबचं किंवा जवळचं धूसर दिसणं, यांपैकी काहीही असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे लगेच न्या. दृष्टिचेतेचे आजार आणि काही औषधंही रंगदृष्टी बिघडवतात. तुमच्या पत्रात असं काही नाही, तरी तुम्हाला माहीत असावं.

त्याला हे सगळं तुम्हीच सांगा, डॉक्टरांवर सोडू नका. भिंगातून मोबाइलचा पडदा दाखवा आणि आईला जो पिवळा दिसतो तो तिथे नाहीच हे त्याला बघू द्या. मग सांगा की प्रत्येकाचे डोळे तुलना करून रंग ठरवतात, आणि त्याच्या डोळ्यांकडे तुलनेला एक जोडी कमी आहे. आठ वर्षांच्या मुलाला हे नीट कळतं. आजोबांच्या मोज्यांबद्दलही सांगा, या वेळी न हसता. चाचणीत कोणता प्रकार निघाला ते मला जरूर कळवा. दोष तिसऱ्या प्रकारच्या शंकूपेशीचा असेल तर लाल रंग त्याला वेगळा वाटत नाहीच, वर काळपटही दिसतो, आणि त्यासाठी शाळेला द्यायच्या सूचना थोड्या बदलाव्या लागतील. त्या मी तेव्हा लिहीन.